‘मी केस कापले’ इंग्रजीत सांगताना: हात कुणाचे, मर्जी कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मेक, हॅव, गेट, लेट यांचे तक्ते मी तीनदा पाठ केले. गाळलेल्या जागा बरोबर भरता येतात. पण साहेबांना “गाडी दुरुस्त करून घेतली” एवढं सांगायची वेळ आली की तोंडून “आय रिपेअर्ड द कार” जातं. कुणाकडून काम करवून घ्यायचं असलं की “मेक” आणि “टु” यांचा घोळ होतो. नेमकं कुठे चुकतं?’

तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे होत नाही. तुमचं मराठी पक्कं आहे म्हणून होतं. गेली सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात संध्याकाळच्या बॅचला मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून सुटून थेट येणारे सुपरवायझर असतात, मुलाकडे परदेशी निघालेले आईवडील असतात, दुकान सांभाळणाऱ्या बायका असतात. प्रयोजक क्रियापदांशी, म्हणजे काम दुसऱ्याकडून करवल्याचं सांगणाऱ्या क्रियापदांशी, या सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

एक सांगून ठेवते. इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीतच लिहितेय, वर्गात फळ्यावरही तशीच लिहिते. स्पेलिंग बाजूला ठेवलं की माणूस शब्दांच्या क्रमाकडे बघतो, आणि या विषयात सगळा खेळ क्रमाचा आहे. अडचण एकच, की देवनागरीत ‘गेट’ म्हणजे फाटकही होतं आणि ‘लेट’ म्हणजे उशीरही. तेवढं सांभाळून घ्या. इथलं गेट मिळवण्याचं आहे आणि लेट परवानगीचं.

आता मराठी काय करते ते बघा. आपण म्हणतो, ‘मी आज केस कापले’, ‘आम्ही दिवाळीला गाडीचं सर्व्हिसिंग केलं’, ‘बाबांनी काल दात काढला’, ‘तिने ब्लाउज शिवला’. यातलं एकही काम बोलणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेलं नाही. केस न्हाव्याने कापले, दात डेंटिस्टने काढला. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून मराठी त्या दुसऱ्या माणसाला वाक्यात घेतच नाही. खर्च माझा, निर्णय माझा, म्हणजे क्रियाही माझीच. ‘कापून घेतले’, ‘शिवून घेतला’ असं नेमकं बोलायची सोय मराठीत आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण तेवढे कष्ट घेत नाही.

इंग्रजी इथे चिकित्सक आहे. ‘आय कट माय हेअर’ म्हटलंत की समोरच्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही कात्री घेऊन आरशासमोर उभे राहता. ‘माय फादर रिमूव्ह्ड हिज टूथ’ म्हटलंत तर वडिलांनी पक्कड घेतलेली दिसते. माझ्या वर्गात एक निवृत्त गृहस्थ होते, अमेरिकेतल्या मुलाकडे जायची तयारी चाललेली. ओळख करून देताना म्हणाले, ‘लास्ट मंथ आय मॅरीड माय डॉटर.’ त्यांना सांगायचं होतं, ‘गेल्या महिन्यात मुलीचं लग्न केलं.’ मराठीत किती सरळ आणि समाधानाचं वाक्य! इंग्रजी ऐकणारा मात्र दचकतो. त्यांना मी ‘अवर डॉटर गॉट मॅरीड लास्ट मंथ’ असं सांगायला शिकवलं. बापाचा खर्च आणि धावपळ त्या वाक्यात उरली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं ते वेगळं.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हा असतो: हात कुणाचे? काम प्रत्यक्ष ज्या हातांनी झालं ते तुमचे असतील तर साधं वाक्य. दुसऱ्याचे असतील तर वाक्याची बांधणी बदलायची. हा प्रश्न मनात विचारायची सवय लागेपर्यंत तक्ते पाठ करून काही होत नाही, कारण प्रयोजक रचना वापरायची वेळ आली आहे हेच मुळात कळत नाही.

याला अपवाद आहे, तोही सांगते, नाहीतर उद्या कुणी मला वर्तमानपत्रातलं वाक्य आणून दाखवेल. ‘शाहजहान बिल्ट द ताजमहाल’ हे उत्तम इंग्रजी आहे. ‘वुई आर बिल्डिंग अ हाउस’ हेही चालतं. बादशहाने दगड वाहिले नाहीत आणि तुम्ही विटा रचत नाही, हे उघड आहे, त्यामुळे गैरसमजाला जागाच नाही. जिथे एखादा माणूस ते काम स्वतः करूही शकेल, तिथे इंग्रजी तुमचं बोलणं अक्षरशः घेते. केस कापणं, भिंत रंगवणं, गाडी दुरुस्त करणं, कागद टाईप करणं ही सगळी अशी कामं. भिंत रंगवणारे हौशी लोक असतातच. म्हणून ‘आय पेंटेड द हॉल’ ऐकून समोरचा तुमचं कौतुक करील आणि कुठला रोलर वापरला ते विचारील.

आता बांधणी. फळ्यावर मी आधी हे लिहिते: ‘आय हॅड रिपेअर्ड द कार.’ मग ‘द कार’ पुसते आणि मधल्या जागेत घालते: ‘आय हॅड द कार रिपेअर्ड.’ शब्द तेच, एकही कमी-जास्त नाही. पहिल्या वाक्यात मी गाडी आधीच दुरुस्त केली होती, माझ्या हातांनी, ग्रीस लागलेल्या. दुसऱ्यात मेकॅनिकने केली, मी फक्त सोय पाहिली. वस्तू मधे आली की हात दुसऱ्याचे. वर्गात हे एवढंच वाक्य मी पंधरा-वीस वेळा म्हणून घेते, सुरात, पाढ्यासारखं.

वस्तूनंतर येणारं क्रियापद नेहमी तिसऱ्या रूपात: रिपेअर्ड, कट, पेंटेड, स्टिच्ड, टेकन, डन. मागचं ‘हॅव’ काळाप्रमाणे कितीही बदललं तरी पुढचं हे रूप हलत नाही. ‘आय हॅव माय हेअर कट एव्हरी मंथ’, ‘आय ॲम हॅविंग द हॉल पेंटेड’, ‘आय विल हॅव द पार्सल सेंट’, ‘यू शुड हॅव युअर आइज टेस्टेड’. काळ फक्त ‘हॅव’ने सोसायचा. तिसरं रूप का? कारण गाडीच्या बाजूने बघितलं तर गाडी दुरुस्त केली गेली. केलेल्या अवस्थेतली गाडी मी मिळवली, असं ते वाक्य आहे. तसं पाहिलं तर ‘करून घेतली’मधलं ‘घेतली’ आणि हे ‘हॅड’ एकमेकांच्या फार जवळचे आहेत.

‘हॅव’च्या जागी ‘गेट’ घातलं तरी अर्थ जवळपास तोच: ‘आय गॉट द कार रिपेअर्ड.’ बोलण्यात गेट जास्त, लिहिण्यात हॅव जास्त. गेटमध्ये थोडी खटपट दिसते, मागे लागून एकदाचं करून घेतल्याची. ‘आय फायनली गॉट द टॅप फिक्स्ड’ यात प्लंबरला केलेले चार फोन ऐकू येतात. यापेक्षा जास्त फरक शोधत बसू नका.

या क्रमाची किंमत किती, याचा एक प्रसंग. फौंड्रीत क्वालिटी बघणारा माझा एक विद्यार्थी. परदेशी गिऱ्हाइकाला त्याने मेलमध्ये लिहिलं, ‘वुई हॅव टेस्टेड द मटेरियल.’ मटेरियल तपासलं होतं बाहेरच्या लॅबमध्ये, पैसे भरून. गिऱ्हाइकाकडून उलट विचारणा आली: तुमच्याकडे कुठलं मशीन आहे, त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, सर्टिफिकेट पाठवा. त्याच्याकडे मशीनच नव्हतं. तो मेल घेऊन माझ्याकडे आला तेव्हा चेहरा असा, की खोटं बोलताना सापडलाय. वाक्य हवं होतं ‘वुई हॅड द मटेरियल टेस्टेड ॲट ॲन आउटसाइड लॅब’. पुढे तर त्याच्या लक्षात आलं की त्याच्या खात्यातलं निम्मं काम असंच आहे. कास्टिंग बाहेरून मशिनिंग करून आणायचं, प्लेटिंग बाहेर, हीट ट्रीटमेंट बाहेर. जॉबवर्क हा सगळा धंदाच प्रयोजक आहे! ‘वुई गेट द कास्टिंग्ज मशीन्ड आउटसाइड’ हे वाक्य त्याने नंतर माझ्यापेक्षा सफाईने वापरलं.

ज्याने काम केलं त्याचं नाव घ्यायचं तर ‘बाय’. इथे मराठीतलं ‘कडून’ आडवं येतं. ‘मेकॅनिककडून करून घेतलं’ म्हणून लोक ‘आय गॉट इट रिपेअर्ड फ्रॉम द मेकॅनिक’ म्हणतात. भारतात हे इतकं रुळलंय की इथे कुणाच्या कानाला खटकतही नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘बाय द मेकॅनिक’ म्हणा, किंवा जागा सांगायची तर ‘ॲट द गॅरेज’. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. केस न्हाव्यानेच कापले हे सांगावं लागत नाही.

आणखी एक पळवाट आहे, ती मी बिनदिक्कत शिकवते. पुष्कळ कामांना इंग्रजीत तयार नाम असतं. ‘आय हॅड अ हेअरकट’, ‘शी हॅड अ ब्लड टेस्ट’, ‘ही इज हॅविंग ॲन ऑपरेशन’. रचना आठवली नाही तर नाम वापरा आणि पुढे चला. ‘आय डिड माय एमआरआय’ मात्र नको. एमआरआय करणारा टेक्निशियन असतो, तुम्ही नळीत आडवे पडलेले असता.

इथवर वस्तू मधे होती. आता माणूस मधे येतो, आणि दुसरा प्रश्न उभा राहतो: मर्जी कुणाची?

मराठीत बघा. ‘मी त्याला थांबायला लावलं’, ‘मी त्याला थांबायला तयार केलं’, ‘मी त्याला थांबू दिलं’. तिन्हीत थांबणारा तोच. फरक फक्त मर्जीचा. पहिल्यात त्याची इच्छा असो-नसो. दुसऱ्यात मी गळ घातली आणि तो मानला. तिसऱ्यात थांबायचं त्याच्याच मनात होतं, मी आड आले नाही. इंग्रजीत हे अनुक्रमे: ‘आय मेड हिम वेट’, ‘आय गॉट हिम टु वेट’, ‘आय लेट हिम वेट’. आणि चौथं, ‘आय हॅड हिम वेट’, यात मर्जीचा प्रश्नच निघत नाही. माझं सांगणं हे त्याचं काम आहे. साहेब शिपायाला, डॉक्टर नर्सला, गिऱ्हाईक दुकानदाराला सांगतं तसं. ‘हॅव हिम कॉल मी’ असा फोनवरचा निरोप अमेरिकेत सर्रास ऐकू येतो. इंग्लंडमध्ये तिथे ‘गेट हिम टु कॉल मी’ किंवा ‘आस्क हिम टु कॉल मी’ जास्त.

यात सगळ्यात जास्त गोंधळ ‘मेक’चा. शाळेत ‘मेक म्हणजे करायला लावणे’ एवढं शिकवलं जातं आणि माणसं ते सगळीकडे लावतात. ‘प्लीज मेक द मॅनेजर साइन धिस’ असं एका बाईंनी लिहिलं होतं. त्याचा अर्थ झाला, मॅनेजर सही करायला तयार नाही, तरी मानगूट धरून करवा. त्यांना म्हणायचं होतं, सही घेऊन द्या: ‘प्लीज गेट धिस साइन्ड बाय द मॅनेजर.’ करायला लावणारा माणूस असला की मेकमध्ये जोर येतो, कधी जबरदस्तीही. लावणारी गोष्ट निर्जीव असली किंवा मामला भावनेचा असला की मात्र तो जोर जातो आणि उरतं निव्वळ कारण: ‘द अनियन्स मेड मी क्राय’, ‘धिस साँग मेक्स मी थिंक ऑफ होम’. कांद्याला कुणी दादागिरी करताना पाहिलेलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण कामाच्या मेलमध्ये ती महत्त्वाची ठरते. ‘आय आस्क्ड हिम टु पे’ यात पैसे आले की नाही ते कळत नाही. ‘आय मेड हिम पे’ आणि ‘आय गॉट हिम टु पे’ या दोन्हींत पैसे आलेले आहेत. प्रयोजक क्रियापद भूतकाळात वापरलं की काम झालं असं धरलं जातं. वसुलीच्या मेलमध्ये हे विसरलात तर महिनाअखेरीस पंचाईत.

आता ‘टु’. ‘शी मेड मी टु वेट’ ही चूक मराठी माणूस इतकी करतो की मी ती ऐकून कोल्हापूरचा की पुण्याचा एवढंच विचारायचं बाकी ठेवते. ती येते कुठून? ‘थांबायला लावलं’मधल्या ‘ला’वरून. आपल्या कानाला तो ‘ला’ हवा असतो, आणि ‘ला’ म्हणजे ‘टु’ हे समीकरण लहानपणीच डोक्यात बसलेलं. ‘जायला’ म्हणजे ‘टु गो’, ‘खायला’ म्हणजे ‘टु ईट’. मग ‘थांबायला’ म्हणजे ‘टु वेट’च ना? शंभरातल्या बहुतेक ठिकाणी हे समीकरण बरोबर येतंही. आस्क, टेल, फोर्स, अलाउ, पर्स्वेड, एनेबल, कॉज, आणि आपलं गेट, या सगळ्यांना ‘टु’ लागतो. नियम खरं तर ‘टु’ लावण्याचाच आहे. मेक, हॅव आणि लेट ही तीन घरं सोवळ्याची, तिथे ‘टु’ला प्रवेश नाही. हेल्पचं दार अर्धवट उघडं: ‘ही हेल्प्ड मी कॅरी इट’ आणि ‘ही हेल्प्ड मी टु कॅरी इट’, दोन्ही चालतात.

तीनच लक्षात ठेवायची असताना चूक का होते? कारण माणूस ‘टु’ लावणारे शब्द आधी पाठ करतो आणि ते संपतच नाहीत. उलट करा. मेक, हॅव, लेट. बाकी सगळ्यांना टु.

मग गंमत अशी की ‘मेक’ कर्मणी झाला की बाहेर ठेवलेला ‘टु’ घरात परत येतो. ‘दे मेड अस वेट’, पण ‘वुई वेअर मेड टु वेट’. हे पहिल्यांदा शिकवलं की वर्गात एकजण तरी चिडतो. चिडणं रास्त आहे. पण दोन-चारदा तक्रारीचा मेल लिहिला की बसतं, कारण सरकारी कार्यालय, दवाखाना, विमानतळ, जिथे कुणी आपल्याला ताटकळत ठेवतं तिथलं हे वाक्य आहे: ‘आय वॉज मेड टु स्टँड इन थ्री क्यूज.’ ‘लेट’चं कर्मणी रूप करायच्या फंदात पडू नका, तिथे ‘वॉज अलाउड टु’ म्हणा. हॅवला माणसाच्या बाबतीत कर्मणी रूप नाहीच.

प्रश्न आणि नकार यात हॅव साध्या क्रियापदासारखा वागतो, म्हणजे ‘डू’ची मदत लागते: ‘व्हेअर डू यू हॅव युअर हेअर कट?’, ‘आय डिडन्ट हॅव इट पेंटेड’. याबद्दल एवढं पुरे.

आता थोडं खोलात जाते, कारण मला हा भाग आवडतो.

मराठीत आपण प्रयोजक क्रियापद करतो ते मुख्यतः ‘व’ घालून. बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, शिकणे-शिकवणे. पण काही जुनी क्रियापदं ‘व’ न घेता आतल्या आत बदलतात: पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पिणे-पाजणे. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी नेमकी अशी पद्धत होती आणि तिचे अवशेष अजून पडलेले आहेत. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे, ‘टु फेल अ ट्री’, झाड पाडणे. (हे परीक्षेतलं फेल नव्हे, दुसरं.) सिट-सेट ही जोडी म्हणजे बसणे-बसवणे. लाय-ले म्हणजे आडवं पडणे-आडवं ठेवणे. राइझ-रेझ म्हणजे उठणे-उठवणे, यातलं रेझ स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांबरोबर इंग्लंडात आलेलं. आणि माझी लाडकी जोडी, ड्रिंक-ड्रेंच. ड्रेंच म्हणजे आज चिंब भिजवणे, पण मुळात त्याचा अर्थ होता पाजणे. गुरांच्या दवाखान्यात तो जुना अर्थ टिकून आहे. जनावराला तोंडाने औषध पाजतात त्याला इंग्रजीत आजही ड्रेंचिंगच म्हणतात. पिणे-पाजणे, ड्रिंक-ड्रेंच. वर्गात म्हशी असणारे दोघे-तिघे असतातच, त्यांना हे कधी विसरत नाही.

लाय-ले मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही चुकतात, तेव्हा तुम्ही चुकलात तर मनाला लावून घेऊ नका.

आपल्याकडे ‘प्रयोजक’ हा शब्द संस्कृत व्याकरणातून आला. पाणिनीने स्वतंत्रपणे क्रिया करणाऱ्याला कर्ता म्हटलं आणि लगेच पुढे, त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्त्याचा मान दिला. ‘मी केस कापले’ म्हणणारा मराठी माणूस त्या दुसऱ्या मानाच्या बळावर बोलतो असं मी गमतीने म्हणते. पण मराठीतला ‘व’ एक खोडी काढतो. ‘आजी नातवाला चालवते’ यातला ‘व’ प्रयोजक, आणि ‘आजीला आता चालवत नाही’ यातला ‘व’ शक्यतेचा. दुसऱ्याचं इंग्रजी साधं: ‘ग्रँडमा कान्ट वॉक नाउ.’ तिथे मेक-हॅव काही नाही. भाषांतराच्या पेपरात हे हटकून फसवतं.

पुढची गोष्ट रोजच्या कामाची आहे. मराठी प्रयोजक दिसलं की लगेच ‘मेक’ घालू नका. आधी बघा, इंग्रजीत त्याला स्वतंत्र शब्द आहे का. समजणे-समजावणे: ‘आय विल मेक यू अंडरस्टँड’ हे इंग्रजी माणसाला धमकीसारखं ऐकू येतं, सिनेमातला खलनायक म्हणतो तसं. तुम्हाला म्हणायचंय ‘लेट मी एक्स्प्लेन’. आठवण करून देणे म्हणजे रिमाइंड, ‘मेक हिम रिमेंबर’ नव्हे. दाखवणे म्हणजे शो, शिकवणे म्हणजे टीच. बाळाला भरवणे म्हणजे फीड. ‘शी मेड द बेबी ईट’ म्हटलं तर बाळ रडत होतं, तोंड फिरवत होतं आणि तिने चमचा कोंबला. ‘शी फेड द बेबी’ म्हटलं तर चिऊचा घास, काऊचा घास.

कित्येक ठिकाणी तर इंग्रजीला काही बदलावंच लागत नाही. बर्फ वितळतो आणि आपण लोखंड वितळवतो, इंग्रजीत दोन्हीकडे मेल्ट. पाणी उकळतं, आपण पाणी उकळवतो, दोन्हीकडे बॉइल. कप फुटतो, कप फोडतो, दोन्हीकडे ब्रेक. कुत्रं चालतं आणि आपण कुत्र्याला फिरवतो, दोन्हीकडे वॉक. फौंड्रीतल्या मुलांना ‘वुई मेक द आयर्न मेल्ट’ म्हणायची हौस असते. ‘वुई मेल्ट द आयर्न’, झालं.

शेवटची एक रचना, जी वाचताना गोंधळ घालते. ‘शी हॅड हर पर्स स्टोलन.’ बांधणी तीच, वस्तू मधे, तिसरं रूप शेवटी. पण तिने काही चोराला सुपारी दिली नव्हती. पर्स चोरीला गेली, एवढंच. काम आपण सांगून करवलं की आपल्यावर येऊन पडलं, हे इंग्रजी रचनेवरून कळत नाही, गोष्टीवरून कळतं. मराठीत ‘करून घेतलं’ आणि ‘चोरीला गेली’ हे वेगळं बोलतो म्हणून आपल्याला हे विचित्र वाटतं. मुद्दाम बोलायला शिकू नका, फक्त वाचताना ओळखा. शॉप फ्लोअरवर ऐकू येणारं ‘गेट द मशीन रनिंग’ही असंच ओळखण्यापुरतं, म्हणजे मशीन चालू करा. आय-एन-जीचं रूप आलं की काम चालू अवस्थेत आहे असं समजा.

सराव कसा करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय वरचं सगळं वाया. मी व्यायामाची पुस्तकं देत नाही. फोन काढायला लावते (पाहा, इथे मेक!) आणि गेल्या महिन्यातली पेमेंटची यादी उघडायला सांगते. त्यात किराणा, पेट्रोल सोडून द्या. ज्या ज्या नोंदीत तुम्ही कुणाच्या तरी हातांचे पैसे दिलेत, ती प्रत्येक नोंद म्हणजे एक वाक्य. दळण: ‘आय हॅड द व्हीट ग्राउंड.’ इस्त्री: ‘आय हॅड द शर्ट्स आयर्न्ड.’ साडीला फॉल: ‘आय गॉट अ फॉल स्टिच्ड ऑन द सारी.’ पंक्चर: ‘आय गॉट द टायर फिक्स्ड.’ झेरॉक्स, चष्म्याचा नंबर, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. एका महिन्यात तीस-चाळीस वाक्यं सहज निघतात, आणि ती तुमची असतात, रामची आणि सीताची नव्हे. मोठ्याने म्हणा. वस्तू मधे येतेय का तेवढंच बघा.

मग घरातल्या माणसांवर या, तिथे मर्जीचा प्रश्न येतो. कुणाला काय करायला लावलं, कुणाला गळ घातली, कुणाला करू दिलं. गेल्या बॅचमधल्या एका बाईंनी हा अभ्यास करून आणला आणि उभं राहून, एकाही ठिकाणी न अडखळता वाचला: ‘आय हॅड द व्हीट ग्राउंड. आय मेड द चपातीज मायसेल्फ. आय लेट एव्हरीवन ईट फर्स्ट. अँड आय कुडन्ट गेट एनीवन टु वॉश द प्लेट्स.’